शिट्टीगाडीचा मुहूर्त

पाशामियाँच्या जिभेला लगाम नव्हता. नांदेडात देगलूर नाक्यावरच्या त्यांच्या गॅरेजात गाडी न्यायची म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायचे आणि मग काम करून घ्यायचं, अशी रीतच पडली होती. एका डॉक्टरसाहेबांनी वर्षभर ऑइल बदललं नव्हतं, तर पाशामियाँनी भर रस्त्यात विचारलं, "साहेब, पेशंटलाबी असंच ठेवता का हो?" डॉक्टरसाहेब लालबुंद झाले, पण पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच आले. हात गुणाचा असला की लोक तोंड खपवून घेतात.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी लेकीनं, नाजियानं, डबा हातात देताना बजावलं, "अब्बा, आजच्या दिवस तोंड आवरा. सादियाच्या जन्माचा सवाल हाय."

"मी काय बोलतो गं कुणाला?"

नाजियानं डबा परत मागं ओढला. मग पाशामियाँच म्हणाले, "बरं बाई. न्हाई बोलत. अल्लाकसम."

सादिया म्हणजे नाजियाची पोरगी. नवरा गेल्यापासून नाजिया शिलाई मशीन घेऊन बापाच्या घरी राहत होती, आणि सादिया त्याच मशीनच्या खडखडाटात बसून दहावीला शाळेत पहिली आली होती. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. त्या वर्षांत डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर. भूकंपात हादरलेलं ते शहर नंतर असं काही उठलं की विचारू नका. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी होस्टेल, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. सिद्धेश्वर सरांच्या बॅचमध्ये बसायला मिळालं की अर्धा डॉक्टर झाला, असं लोक बोलायचे. आणि तिथं नुसता पैसा असूनही भागत नव्हतं. पाशामियाँकडं तर तोही नव्हता.

होती ती एक गाडी.

छोटीशी, लाल, मागच्या बाजूनं आख्खं दार वर उघडणारी जपानी गाडी. कुवेतला नोकरीला असलेल्या एका नांदेडकरानं ती हौसेनं बोटीतून आणली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचं इंजिन बसलं. स्पेअर पार्ट ना मुंबईत मिळे ना हैदराबादेत. शेवटी तो कंटाळून पाशामियाँना म्हणाला, "तुम्हीच ठेवा, डोक्याचा ताप." मग काय! पाशामियाँनी तिचं डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडं आणलं, रेडिएटर मॅटाडोरचा बसवला, सायलेन्सर स्वतः वाकवला, ब्रेक दुसऱ्याच गाडीचे घातले. आतलं सगळं बदललं, पण टर्बो तेवढा मूळचा ठेवला. इंजिनातून जळून निघालेल्या धुरावर एक चाक गरागरा फिरतं आणि ते इंजिनाला जास्तीची हवा कोंबतं, तोच टर्बो. त्याच्या जोरावर ती चिमुरडी गाडी भल्या भल्या जीपांना मागं टाकायची, आणि जाताना अशी शिट्टी घालायची की नाक्यावरची पोरं धावत बाहेर यायची. शिट्टीगाडी म्हणायचे तिला सगळे.

सिद्धेश्वर सर नांदेडला शाखा काढायला आले असताना त्यांच्या कानावर ती शिट्टी पडली. लातुरात क्लासवाल्यांकडं मोठमोठ्या गाड्या ढीगभर होत्या, पण अशी एकाकडंही नव्हती. सर गॅरेजात आले, गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "द्यायची का?" पाशामियाँ "न्हाई" म्हणणार होते. तेवढ्यात शेगडीवर चहा ठेवलेली सादिया पुढं आली आणि सरांच्या पाया पडली. सौदा तिथंच ठरला. गाडी सरांची. बदल्यात सादियाची दोन वर्षं, क्लास, होस्टेल, मेस, सगळं सरांकडं. शुक्रवारी गाडी घेऊन या, सर म्हणाले, बॅचची यादी त्याच संध्याकाळी बंद होते, एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. त्या जागेवर डोळा ठेवून पंचवीस जण बसलेत, तेव्हा उशीर नको.

तर असा तो शुक्रवार.

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर सर वाट बघत उभे होते. तिथून पुढं लातूरपर्यंत स्वतः चालवून बघायची त्यांची अट होती. पाशामियाँ बाजूच्या सीटवर सरकले. मागं सादिया तिची पत्र्याची पेटी मांडीशी धरून बसली.

सरांनी शिरूर ताजबंदपर्यंत जरा जपून नेली. मग रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी जो पाय दाबला! शिट्टी वाजली, माणसं सीटला चिकटली, सर लहान पोरासारखे खदाखदा हसले. पाशामियाँच्या ओठांवर आलं होतं, 'अहो, गाडी हाय का विमान? हळू दाबा!' ते त्यांनी गिळलं. चाकूर मागं पडलं. घाट नाही, चढ नाही, तरी सर गिअर खाली टाकायचे आणि पुन्हा दाबायचे, केवळ शिट्टी ऐकायला. पाशामियाँचे कान इंजिनाकडं होते. टर्बो आता आत लाल झाला असेल, हे त्यांना न बघता कळत होतं. धावती आहे तोवर ठीक, ऑइल फिरतंय, वारा लागतोय. थांबवताना मात्र तिला दोन-चार मिनिटं नुसती चालू ठेवायला पाहिजे, दम घेऊ द्यायला पाहिजे.

"एक सांगून ठेवतो, पाशाभाई," सर मधेच म्हणाले. "घरी आईनं, आमच्या अव्वानं, पूजा मांडलीय. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत झाली पाहिजे. तुम्ही मधे काही बोलू नका."

"मी कशाला बोलतो, सर?"

"तसं नाही. तिचं दुखणं वेगळंय." सरांचा पाय जरा सैल झाला. "किल्लारीकडचं आमचं गाव. नवं घर बांधलं होतं आम्ही. वास्तुशांत करायची, पण उडदाची रास पडलेली, म्हणून अव्वानं ती पुढच्या सोमवारवर ढकलली. मधेच अनंत चतुर्दशी आली. लोक गणपती बुडवून झोपले आणि पहाटे सगळं खाली आलं. वडील गेले, धाकटी बहीण गेली. तेव्हापासून अव्वाच्या डोक्यात एकच बसलंय. पूजा राहिली म्हणून घर पडलं. घरात साधा मिक्सर आणला तरी आधी नारळ. मागं फ्रीज घेऊन आलेला माणूस 'आजी, उरका जरा' म्हणाला, तर तिनं फ्रीज दारातून माघारी पाठवला. मी पाया पडलो, ऐकलं नाही."

मागं सादियाच्या पेटीची कडी खडखडली. ते पाशामियाँना ऐकू आलं.

लातुरात शिरताना रिक्षा, सायकली, दप्तरं, सगळ्या गर्दीतून सरांनी गाडी कशीबशी काढली आणि होस्टेलच्या अंगणात आणून उभी केली. वर होस्टेल, खाली घर. दारात रांगोळी काढलेली, बाजूला ताट, ताटात विभूती, हळदकुंकू, हार, शेंडीचा नारळ. पूजा सांगायला आलेले एक जंगम सारखं मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते.

"सर, दोन मिनिटं चालू ठेवा," पाशामियाँ घाईनं म्हणाले.

पण सरांनी किल्ली काढलीसुद्धा. "वेळ कुठाय!"

इंजिन गप झालं. आता ऑइल थांबलं, वारा थांबला, आणि टर्बोतली सगळी धग आतल्या आत कोंडली. पाशामियाँनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तरी म्हटलं, जाऊ दे. एक वेळ सोसंल. पूजा होईस्तोवर निवंल.

सरांच्या अव्वा, नीलम्मा, पायरी उतरून आल्या. बारीक, ताठ, पांढरं पातळ, गळ्यात लिंग. त्यांनी गाडीला उजवी प्रदक्षिणा घातली, पुढच्या काचेवर विभूतीची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली. मग म्हणाल्या, "सिद्धू, झाकण उघड."

"कशाला, अव्वा?"

"कशाला म्हंजी? जीव कुठं असतो गाडीचा? टॅक्टरला बी मी इंजिनावरच पाणी घातलं होतं. वरवर पूजा करायची न्हाई मला. एकदा पूजा राहिली तेवढं पुरे झालं."

सरांनी बॉनेट उघडलं. गरम हवेचा लोट अंगावर आला. नीलम्मांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला. हाराच्या टोकाची दोन फुलं टर्बोवर पडली आणि जागच्या जागी काळी पडली. ते फक्त पाशामियाँनी पाहिलं.

टर्बोचं ते कवच बिडाचं, ओतीव लोखंडाचं. असं तापलेलं असताना त्याच्यावर गार पाणी पडलं की ते तडकणार, त्यात शंकाच नको. एकदा तडकलं की संपलं. ना जोडता येतं, ना दुसरं मिळतं. शिट्टी गेली, जोर गेला, मग उरली ती डबडी. सर किल्ली फिरवणार, गाडी खोकणार, आणि मग कोण म्हणणार की आमच्या नारळानं झालं? म्हणतील, म्हाताऱ्यानं सडकी गाडी गळ्यात मारली. सौदा मोडला. जागा गेली. पोरगी पेटी घेऊन आल्या रस्त्यानं परत.

आणि बोलावं, तर? 'थांबा' म्हणावं? मुसलमान माणसानं लिंगायताच्या अंगणात चालू पूजेत 'पाणी घालू नका' म्हणायचं? गल्लीत दहा माणसं उभी राहून बघतायत. ज्या बाईनं फ्रीजवाल्याला माघारी लावलं, ती मला काय ओवाळणार आहे? पाशामियाँनी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती, तहसीलदाराची नाही, फौजदाराची नाही. आज मात्र त्यांचं तोंड शिवल्यासारखं झालं. भीती वाटली त्यांना, चक्क भीती वाटली, आणि त्या भीतीचाच त्यांना संताप आला.

"पाच मिनिटं राहिली," जंगम म्हणाले.

नीलम्मांनी दगडावर नारळ आपटला. खडाक्! फुटलेल्या नारळाचं एक भकल उजव्या हातात घेतलं, पाणी सांडू न देता इंजिनाशी आल्या आणि हात वर उचलला.

पाशामियाँ पुढं झाले. कसे झाले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ती टर्बोच्या वर, अगदी वर धरली.

"अम्मा, मला द्या. तीर्थ हाय ना? मला द्या आधी."

नीलम्मा थबकल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. "घ्या की, पाशाभाई. घ्या." त्यांनी पाणी ओंजळीत ओतलं. वरून गार पाणी, खालून भट्टी. पाशामियाँची बोटांमागची कातडी आवळली, केस जळाल्याचा वास आला. थेंबही न सांडता त्यांनी ओंजळ बाहेर काढली आणि पाणी पिऊन टाकलं. गल्लीतल्या कुणीतरी "वा" म्हटलं. सरांना भरून आलं.

सुटलो, पाशामियाँना वाटलं.

"आता इंजिनाला," नीलम्मा म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरं भकल उचललं. त्यात पाणी जास्त होतं.

पाशामियाँनी पुन्हा ओंजळ पुढं केली.  डावी करंगळी खालच्या बिडाला टेकली आणि चर्र झालं. त्यांनी दात आवळले. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलू दिला नाही.

"अहो, तुम्हाला दिलं की!" नीलम्मांचा आवाज बदलला. "बाजूला व्हा. इंजिनाला घालू द्या."

"अम्मा, अजून थोडं... मलाच..."

"हे काय चाललंय?" जंगम करवादले. "दोन मिनिटं राहिली. बाजूला करा त्यांना."

सर पुढं आले. "पाशाभाई, सांगितलं होतं ना मी तुम्हाला? हात काढा." त्यांनी पाशामियाँचा दंड धरला. पाशामियाँनी नकारार्थी मान हलवली. बोलायला जमत नव्हतं आणि हात काढायला मन होत नव्हतं. सरांच्या कपाळावर आठी चढली. झालं, पाशामियाँना वाटलं. न बोलता सुद्धा बिघडवलंच मी.

"आजी, पाणी घालू नका!"

सादिया होती. पेटी खाली टाकून ती गाडीशी धावत आली आणि तिनं सरळ नीलम्मांचं मनगट धरलं. 

"सोड गं!"

"न्हाई सोडत. नानाचे हात जळून राहिले खाली! तुम्हाला वाईट वाटंल म्हणून त्यो बोलंना. ते बीड हाय, आजी, बिडाचं. तापून लाल झालंय. पाणी पडलं की फुटंल." एवढं बोलून तिला आपण काय करून बसलो ते कळलं. तिनं मनगट सोडलं आणि रडायलाच लागली. "माझं नाव काढून टाका यादीतून. पण त्याचे हात काढू द्या."

नीलम्मांनी भकल ताटात ठेवलं. वाकून पाशामियाँचे हात धरले आणि उलटे करून पाहिले. बोटांची पाठ लालभडक, करंगळीवर फोड, कातडी सुटलेली.

"बीड हाय?" त्यांनी विचारलं.

"हाव, अम्मा."

"म्हंजी तव्याचं असतं ते?"

"तेच."

"मग सांगायचं की रे बाबा!" नीलम्मा जवळजवळ ओरडल्याच. "तापल्या बिडाच्या तव्यावर पाणी मारलं की तवा दोन होतो, हे मला कोण शिकवायला पाहिजे? माझ्या सासूनं एका तव्यापायी मला आठ दिवस बोलून घेतलं होतं! तोंड न्हाई व्हय तुम्हाला?"

पाशामियाँ म्हणाले, "भ्यालो, अम्मा."

"कुणाला?"

त्यांनी मान खाली घातली. खोटं बोलण्यात आता हशील नव्हता. "तुम्हाला. पूजेत आमच्यासारख्यानं टोकलं तर तुम्ही काय समजताल, लोक काय समजतील. आणि पोरीची जागा जाईल म्हणून."

 नीलम्मांनी कुंडीतल्या कोरफडीचं पान मोडलं, पायरीवर बसल्या, पाशामियाँना शेजारी बसवलं आणि त्यांच्या बोटांवर गर चोळू लागल्या. चोळता चोळता त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या घरातली माणसं मातीखाली गेली, पाशाभाई," त्या म्हणाल्या. "मला वाटतं पूजा राहिली म्हणून गेली. खरं असंल, खोटं असंल, शिवाला ठाऊक. पण माणूस भाजून नारळ वाहा, असं त्यानं मला कवा सांगितलं न्हाई."

"राहुकाळ लागला," जंगम म्हणाले. त्यांनी झोळी खांद्याला लावली. "आता काही करता यायचं नाही." आणि ते निघून गेले.

सर बॉनेटपाशी उभेच होते. आईकडं बघावं की गाडीकडं, त्यांना सुधरत नव्हतं. "अव्वा, मग आज गाडी घ्यायची नाही?"

"न्हाई."

पाशामियाँच्या काळजात चर्र झालं, बोटांपेक्षा जास्त. आज गाडी नाही म्हणजे आज सौदा नाही. यादी तर संध्याकाळी बंद होणार. पंचवीस जण दारात बसलेत. त्यांनी सादियाकडं पाहिलं. पोरगी डोळे पुसून पेटीची कडी धरायला वाकली होती, परत निघायच्या तयारीनं.

"मग हिचं कसं करायचं?" सरांनी हळूच विचारलं. "ठरलं होतं ते गाडीच्या बदल्यात. आज जागा दुसऱ्याला दिली नाही तर ती रिकामीच राहील..."

"सिद्धू," नीलम्मा म्हणाल्या. पाशामियाँची करंगळी त्यांनी अजून सोडली नव्हती. "गाडी निवू दे. गाडी उद्या घे, परवा घे. पोरगी आज घे."

"अव्वा, राहुकाळात?"

"लोखंडाला मुहूर्त लागतो रे. शिकायला कसला राहुकाळ?"

 सर पुढं गेले आणि सादियाच्या हातातून पेटी काढून घेऊन स्वतःच होस्टेलचा जिना चढायला लागले.